शस्त्रधारणाचा हक्क, भारतातील
व्यक्तीने स्वतःच्या जीविताच्या, कुटुंबाच्या वा घरादाराच्या संरक्षणासाठी बंदूक, पिस्तूल यांसारखी अग्निशस्त्रे बाळगण्याचा अधिकार आणि त्यावरील शासनाचे नियंत्रण यांसंबंधीचा वाद. भारतात तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आला आहे. परकीय राजवटीत त्याचे स्वरूप मुख्यतः राजकीय होते. शासन प्रजेवर विश्वास ठेवते किंवा नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. स्वातंत्र्योत्तर काळात त्याला संवैधानिक व प्रशासकीय स्वरूप प्राप्त झाले. एका प्रश्नाभोवती मात्र हा वाद दोन्ही कालखंडांत फिरत राहिला : एखाद्याच्या जिवाला धोका आहे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा—ज्याचा जीव आहे त्याचा, की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा?

पार्श्वभूमी : ब्रिटिशपूर्व काळात भारताच्या अनेक भागांत शस्त्र बाळगणे ही सामान्य गोष्ट होती. मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेत शिलेदार हा स्वतःचा घोडा व स्वतःची शस्त्रे घेऊन चाकरीस येई. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या बारगीराहून त्याचा दर्जा त्यामुळेच वेगळा असे. शस्त्र हे उपजीविकेचे साधन, प्रतिष्ठेचे चिन्ह आणि गावाच्या संरक्षणाचा आधार अशा तिन्ही नात्यांनी घराघरांत होते. ईस्ट इंडिया कंपनीने जिंकलेल्या प्रदेशांतून ही स्थिती टप्प्याटप्प्याने बदलली. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर तेथील रहिवाशांची शस्त्रे काढून घेण्यात आली. १८५७ च्या उठावानंतर अयोध्या प्रांतात हीच मोहीम मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आली. शस्त्रांची आयात, निर्मिती व विक्री यांचे नियमन करणारा अधिनियम १८५७ मध्येच झाला होता. त्याची जागा १८६० च्या अधिनियमाने घेतली.

१८६० हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षी भारतीय दंड संहिता संमत झाली आणि तिच्या ९६ ते १०६ या कलमांत खाजगी संरक्षणाचा हक्क मान्य करण्यात आला. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करताना केलेली कृती अपराध ठरत नाही, असे हे तत्त्व आहे. दरोडा किंवा रात्रीची घरफोडी यांसारख्या प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंतही या हक्काची व्याप्ती जाते. मात्र सार्वजनिक प्राधिकरणाचे साहाय्य घेण्याइतका अवधी असेल, तर हा हक्क राहत नाही आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. संहितेचा मूळ मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये तयार केला होता. या हक्कावर फार निर्बंध घालण्यापेक्षा लोकांमध्ये प्रतिकाराची धमक निर्माण व्हावी, असा आपला हेतू असल्याचे मसुदाकारांनी आपल्या टिपणीत नमूद केले होते. अशा रीतीने एका कायद्याने प्रजेला संरक्षणाचा हक्क दिला, तर दुसऱ्याने त्या संरक्षणाचे साधन शासनाच्या नियंत्रणाखाली आणले. पुढील सर्व वादाचे बीज या विसंगतीत आहे.

१८७८ चा अधिनियम : लॉर्ड लिटन हा व्हाइसरॉय असताना १८७८ मध्ये भारतीय शस्त्र अधिनियम संमत झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा अधिनियमही त्याच वर्षीचा. शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे, तसेच कोणतेही शस्त्र घेऊन हिंडणे हा अपराध ठरला. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि शस्त्र लपविण्याच्या हेतूने केलेल्या कृत्यांसाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. सत्ताविसाव्या कलमान्वये कोणाही व्यक्तीस अथवा वर्गास अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार शासनाने आपल्याकडे ठेवला. वांशिक भेद शिरला तो या वाटेने. यूरोपीय व अँग्लो-इंडियन यांना सूट मिळाली. भारतीयांपैकी काही निवडक पदाधिकारी व मानकरी सोडल्यास बाकी सर्वांना परवाना आवश्यक ठरला. विद्येने वा संपत्तीने कितीही मोठ्या असलेल्या भारतीयास जे सहजासहजी मिळत नसे, ते सामान्य यूरोपीय माणसास केवळ जन्माने मिळे.

या नियमाला कूर्ग (कोडगू) हा प्रदेश अपवाद होता. तेथील कोडव समाज आणि जम्मा नावाच्या भूधारणापद्धतीने जमीन धारण करणारे लोक यांना १८६१ पासूनच शस्त्रविषयक निर्बंधांतून वगळण्यात आले होते. ही सूट स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्र शासनाने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

राष्ट्रीय चळवळ व शस्त्रबंदी : १८७८ च्या अधिनियमाविरुद्धची तक्रार दुहेरी होती. पहिली व्यावहारिक स्वरूपाची : रानडुकरे व अन्य जनावरे यांपासून पिकांचे, हिंस्र श्वापदांपासून गुराढोरांचे आणि दरोडेखोरांपासून घराचे संरक्षण करण्यास शेतकरी असमर्थ झाला. दुसरी स्वाभिमानाची : एका संपूर्ण राष्ट्रावर अविश्वास दाखवून त्याला पौरुषहीन करण्यात आले, अशी भावना सुशिक्षितांत बळावली. लॉर्ड रिपनच्या कारकीर्दीत वृत्तपत्रांवरील निर्बंध रद्द झाले. शस्त्र अधिनियम मात्र तसाच राहिला.

काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या प्रश्नाची चर्चा झाली. बिपिनचंद्र पाल यांनी अधिनियम रद्द करण्याची मागणी आवेशाने मांडली. अधिवेशनाचा ठराव सौम्य असला, तरी तत्त्वाच्या दृष्टीने अधिक मार्मिक होता. सर्वांना शस्त्र बाळगण्याची मोकळीक असावी; ज्या व्यक्तींना वा वर्गांना मनाई करावयाची, त्यांच्याबाबतीत मनाईची कारणे शासनाने लेखी नमूद करून प्रसिद्ध करावीत, असा त्याचा आशय होता. प्रजाजनाने आपली गरज सिद्ध करण्याऐवजी शासनाने आपल्या नकाराचे समर्थन करावे, ही ती मागणी होय. पुढील अधिवेशनांतूनही हा विषय पुनःपुन्हा आला.

शस्त्रबंदीचे समर्थन करताना शासन सार्वजनिक शांततेचा दाखला देई. अधिनियमानंतर अवघ्या एका वर्षाने, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे परिसरात रामोशी व इतरांच्या साहाय्याने सशस्त्र उठाव केला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नासिक येथे अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. त्या प्रकरणातील ब्राउनिंग पिस्तुले विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून धाडली, असा शासनाचा आरोप होता. ऑगस्ट १९१४ मध्ये कलकत्त्यातील रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले व सु. ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. या घटनांवरून शस्त्रबंदी अधिक कडक असावी, असा निष्कर्ष शासनाने काढला. अधिनियमाच्या टीकाकारांना त्यांतून उलट गोष्ट दिसली : निर्धार केलेल्या माणसाला शस्त्र कोठून तरी मिळतेच, कायद्याने निःशस्त्र होतो तो कायदा पाळणारा गृहस्थ. हा युक्तिवाद आजही त्याच शब्दांत केला जातो.

अहिंसेचे प्रवर्तक महात्मा गांधी हेही या अधिनियमाचे कठोर टीकाकार होते, ही बाब वरकरणी आश्चर्यकारक वाटते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना त्यांनी काढलेल्या पत्रकात, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना त्यांनी ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. शस्त्र उचलण्याची मुभाच नसलेल्याच्या अहिंसेला नैतिक मोल नाही, ही त्यांची भूमिका त्यामागे होती. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी लॉर्ड अर्विनपुढे मांडलेल्या अकरा मागण्यांपैकी अखेरची मागणी, आत्मसंरक्षणासाठी अग्निशस्त्रांचे परवाने लोकनियंत्रणाखाली द्यावेत, अशी होती. परवाना पद्धती त्यांनी नाकारली नाही; तिच्यावर नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

दरम्यान १९२० च्या नियमांनी सवलतींतील वांशिक भेद बव्हंशी दूर करण्यात आला होता. तथापि हक्काची मागणी मागे पडली नाही. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची काँग्रेसमधील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क स्पष्टपणे समाविष्ट होता.

संविधान सभेतील निर्णय : स्वतंत्र भारताच्या संविधानात हा हक्क येईल, अशी अपेक्षा त्यामुळे स्वाभाविक होती. डिसेंबर १९४८ मध्ये स्वातंत्र्यविषयक अनुच्छेदाच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची भर घालणारी दुरुस्ती मांडली आणि कराची ठरावाची आठवण करून दिली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. नागरिकाच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धारण करण्याच्या त्याच्या कर्तव्यावर भर दिला पाहिजे आणि प्रत्येकास बाजारात जाऊन हवी ती शस्त्रे निर्वेधपणे घेता येऊ लागली, तर राज्यकारभार चालविणेच अशक्य होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुरुस्ती फेटाळण्यात आली.

या निर्णयाची पार्श्वभूमी विसरता येत नाही. फाळणीच्या वेळचा नरसंहार होऊन जेमतेम वर्ष लोटले होते आणि गांधीजींची हत्या पिस्तुलाच्या गोळ्यांनी त्याच वर्षाच्या जानेवारीत झाली होती. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमण्याचा हक्क दिला. शस्त्रे व दारूगोळा हा विषय संघसूचीत घालण्यात आला. शीख धर्मीयांनी कृपाण धारण करणे हे २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणाने धर्माचरणाचा भाग मानले गेले. एवढा अपवाद वगळता, चळवळीच्या काळात जो हक्क मागितला गेला, तो राज्य हाती आल्यावर परवानगीच्या पातळीवरच राहिला.

१९५९ चा अधिनियम : जुना अधिनियम जाऊन त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. ज्यांचे पूर्ववर्तन वा प्रवृत्ती आक्षेपार्ह नाही, अशा सर्व नागरिकांना आत्मसंरक्षणासाठी परवान्याने शस्त्रे उपलब्ध व्हावीत, हा हेतू विधेयकाच्या उद्देशकथनात व्यक्त झाला होता. तरतुदींतही त्याचे प्रतिबिंब आढळते. संरक्षण वा क्रीडा यांसाठी किमान वीस इंच (सु. ५१ सेंमी.) नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा परवाना पात्र नागरिकास द्यावा, असे तेराव्या कलमात म्हटले आहे. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर इत्यादींसाठी मात्र अर्जदारास सबळ कारण असल्याबद्दल परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नमूद करावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. १८८७ च्या ठरावातील मागणी अशा रीतीने अंशतः कायद्यात उतरली.

पुढील वाटचाल कडक नियंत्रणाच्या दिशेने झाली. पंजाबातील अशांततेच्या काळात, १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे बाळगण्याची मर्यादा घालण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. लग्नसमारंभ वा मिरवणुकीत बेदरकारपणे गोळीबार करणे हा याच दुरुस्तीने स्वतंत्र अपराध ठरला. त्याच वेळी परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली. गृहमंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सु. ३३·७ लाख परवाने होते व त्यांपैकी सु. १२·८ लाख एकट्या उत्तर प्रदेशात होते. परवान्यांचे प्रमाण केवळ धोक्याच्या प्रमाणात ठरत नाही. सामाजिक प्रतिष्ठा व स्थानिक परंपरा यांचाही त्यात वाटा असतो, हे या विषम वाटणीवरून दिसते.

वादातील पक्ष : घरगुती व वैयक्तिक संरक्षणासाठी शस्त्र मिळणे सुलभ असावे, असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार खाजगी संरक्षणाचा हक्क हा आहे. दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही (कलमे ३४ ते ४४) तो कायम आहे. आडवस्तीवरील शेतघर, एकटे राहणारे वृद्ध किंवा पोलीस ठाण्यापासून दूर असलेले खेडे यांच्याबाबतीत मदत येईपर्यंतचा काळच निर्णायक असतो. त्या काळात साधनाविना हक्क हा कागदावरच राहतो, असे ते म्हणतात. परवाना मिळविण्यातील विलंब व वशिला यांमुळे गरजूंऐवजी वजनदारांनाच शस्त्र मिळते, अशीही त्यांची तक्रार आहे. १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निर्णयात अनिषिद्ध शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी जोडण्यात आला होता. परंतु पुढे त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते मत ग्राह्य धरले नाही.

विरोधी पक्षाचे म्हणणे असे, की घरातील शस्त्र चोरासाठी ठेवले जाते. पण ते सदैव हाताशी असते ते घरातीलच माणसांच्या. कौटुंबिक कलह, मद्यपान, नैराश्य व मुलांची जिज्ञासा या प्रसंगी त्याचा उपयोग अपरिवर्तनीय ठरतो. शिवाय एकाने शस्त्र घेतले, की शेजाऱ्यास ते घ्यावेसे वाटते आणि सर्वांचीच असुरक्षितता वाढते. जातीय वा धार्मिक तणावाच्या प्रदेशात हा धोका अधिक. भारतातील बंदुकीने होणारे बहुतांश खून विनापरवाना शस्त्रांनी होतात, ही वस्तुस्थिती दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने मांडतात : एक पक्ष म्हणतो, परवानाधारक निरुपद्रवी आहे, दुसरा म्हणतो, परवान्याच्या चाळणीमुळेच तो तसा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या वाढत्या वापराची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेच्या संविधानाप्रमाणे शस्त्रधारणाचा मूलभूत हक्क आपल्या संविधानकर्त्यांनी दिलेला नाही, याकडे न्यायालयाने त्या वेळी लक्ष वेधले.

संकटग्रस्त समूहांचा प्रश्न : शासन स्वतः काही समूहांना शस्त्र देऊ करते, तेव्हा वादाला वेगळेच वळण लागते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम, १९९५ यांतील तिसऱ्या नियमात, अत्याचारप्रवण क्षेत्रांत या समूहांबाहेरील व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करण्याचा व आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने देण्याचा उपाय सांगितला आहे. एकाच गावात शस्त्राची वाटणी कोणत्या बाजूला झुकलेली आहे, यावर दुर्बलांची सुरक्षितता अवलंबून असते, याची ही कायदेशीर कबुलीच होय.

जम्मू विभागातील डोंगराळ भागात १९९५ पासून ग्रामसंरक्षण समित्या स्थापून ग्रामस्थांना रायफली देण्यात आल्या. २०२२ मध्ये या योजनेची पुनर्रचना झाली. याउलट, छत्तीसगढमध्ये माओवाद्यांविरुद्ध आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून सशस्त्र करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये असंवैधानिक ठरविली. अपुऱ्या प्रशिक्षणानिशी, अल्प मानधनावर नागरिकांना धोक्याच्या तोंडी देणे हे राज्याने आपली जबाबदारी टाळणे होय, असा त्या निर्णयाचा रोख होता. मे २०२५ मध्ये आसाम मंत्रिमंडळाने संवेदनशील भागांतील मूळनिवासी रहिवाशांना शस्त्रपरवाने देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हाच वाद पुन्हा उद्भवला. संरक्षणासाठी दिलेले शस्त्र उद्या कोणावर रोखले जाईल, ही शंका अशा प्रत्येक योजनेच्या मागोमाग येते.

अन्य देश : इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेने प्रॉटेस्टंट प्रजाजनांना कायद्याच्या मर्यादेत संरक्षणासाठी शस्त्रे बाळगण्याची मुभा दिली होती. तेथील १९२० च्या अधिनियमाने पोलिसांच्या प्रमाणपत्राची अट आली आणि १९९६ च्या डन्ब्लेन शाळेतील हत्याकांडानंतर, १९९७ मध्ये, हातबंदुकांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा संबंध नागरी सेनेशी की व्यक्तीशी, हा वाद दीर्घकाळ चालला. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरात आत्मसंरक्षणासाठी हातबंदूक बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला व २०२२ मध्ये तो घराबाहेरही लागू केला. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर वैयक्तिक संरक्षण हे परवान्याचे कारण म्हणून स्वीकारले जात नाही. भारताची भूमिका या दोन टोकांच्या मध्ये आहे : येथे संरक्षण हे परवान्याचे मान्य कारण आहे, पण शस्त्र हा हक्क नाही.

या मध्यममार्गाचे यश परवाना देणाऱ्या यंत्रणेच्या निःपक्षपातीपणावर अवलंबून आहे. धोका खरा असताना परवाना नाकारला गेला, तर खाजगी संरक्षणाचा हक्क पोकळ ठरतो; धोका नसताना केवळ प्रतिष्ठेपोटी तो दिला गेला, तर इतरांच्या भयात भर पडते. शस्त्रपरवान्याचा प्रत्येक अर्ज म्हणजे पोलीस आपल्यापर्यंत वेळेवर पोहोचणार नाहीत, असे नागरिकाने शासनाला दिलेले निवेदनच असते. त्या निवेदनाला परवान्याने उत्तर द्यावयाचे की पोलीस चौकीने, हा प्रश्न १८७८ नंतर राज्यकर्ते बदलले तरी सुटलेला नाही.